आधी आवाज, मग हादरा : कातळ, पाणी आणि पोलाद यांतून धावणाऱ्या ध्वनीचा इतिहास

१/
नोव्हेंबर २०१८. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर एक विचित्र अनुभव येऊ लागला. जमिनीखालून तोफेसारखा घुमणारा आवाज येई आणि तो पुरता विरण्याआधीच भिंती थरथरत, भांडी खणखणत. वृत्तपत्रांनी त्याला नाव दिले ‘भूगर्भातील गूढ आवाज’. हा आवाज खरोखर गूढ होता का, आणि तो हादऱ्याच्या आधी का येई, या प्रश्नांची उत्तरे मिळायला मानवजातीला जवळजवळ दोनशे वर्षे लागली आहेत. त्या शोधाची ही कथा.

२/
या कथेसाठी बोईसरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. पश्चिमेस काही किलोमीटरांवर अरबी समुद्र आणि तारापूरचे अणुविद्युत केंद्र. भोवती कारखान्यांची औद्योगिक वसाहत. उत्तरेस धुंदलवाडी, दापचरी, तलासरीचा हादरणारा कातळ. पाणी, पोलाद आणि पाषाण ही तिन्ही माध्यमे एका तालुक्याच्या अंतरात एकत्र आलेली आहेत. या तिन्हींतून ध्वनी धावतो, हवेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो, आणि तो ऐकता येणे वा न येणे हा येथील माणसांच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न ठरलेला आहे.

३/
प्रथम घटना. २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही मालिका महिनोन्महिने चालू राहिली. लहानमोठे धक्के हजारोंच्या संख्येने नोंदले गेले. त्यांतील बहुतेक माणसाला जाणवण्याच्या पलीकडचे, काही मात्र घराच्या भिंतीला तडे पाडणारे. मोठा मुख्य धक्का नाही, ओसरत जाणारे पश्चात्-धक्के नाहीत, केवळ लहान धक्क्यांची सततची गर्दी, असे ज्या मालिकेचे स्वरूप असते तिला भूकंपशास्त्रात ‘भूकंपथवा’ म्हणता येईल. मधमाश्यांच्या थव्यात राणीमाशी ओळखू येऊ नये, तसे येथे प्रमुख धक्का कोणता ते सांगता येत नाही.

४/
१ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील दुपारचा सर्वांत मोठा धक्का ४.१ परिमाणाचा होता. घाबरून घराबाहेर धावताना पडून एका दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला. परिमाणाच्या हिशेबात हा भूकंप किरकोळ. त्या घराच्या हिशेबात सर्वस्व नेणारा. त्यानंतर ऐन थंडीत कुटुंबे तंबूंत झोपू लागली, शाळांचे वर्ग उघड्यावर भरू लागले. रात्री जमीन गरजली की सारा पाडा जागा होई. हादरा थांबला तरी पुढच्या आवाजाची वाट पाहणे थांबत नसे.

५/
आवाज ऐकून पहिला तर्क स्फोटाचा होणे स्वाभाविक होते. खदानींतील सुरुंग या भागाला नवे नाहीत. शिवाय त्याच वर्षी, मार्च २०१८ मध्ये, तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात रात्री झालेल्या भीषण स्फोटाचा आवाज कित्येक किलोमीटर दूरवर ऐकू गेला होता. स्फोट आणि भूकंप यांत कानाला फरक करता येतो का? येतो, मात्र त्यासाठी आवाज कोणत्या माध्यमातून आला आणि कोणत्या क्रमाने आला, हे पाहावे लागते. हा क्रम प्रथम मोजला गेला तो पॅरिसमध्ये.

६/
साल १८०८. पॅरिस शहरात पाणीपुरवठ्यासाठी ओतीव लोखंडाचे नळ टाकले जात होते. जाँ-बाप्तिस्त बियो या भौतिकशास्त्रज्ञाने जोडलेल्या नळांची ९५१ मीटर लांबीची रांग निवडली. एका टोकाला घंटा आणि हातोड्याचा आघात. दुसऱ्या टोकाला कान. आघात एकच, पण आवाज दोन ऐकू आले. पहिला लोखंडाच्या भिंतीतून, दुसरा नळाच्या पोकळीतील हवेतून. दोहोंत सुमारे अडीच सेकंदांचे अंतर पडले. यावरून बियोने निष्कर्ष काढला की लोखंडात ध्वनीचा वेग हवेच्या सुमारे दहापट आहे.

७/
असे का व्हावे? अनेकांचा समज असा की पदार्थ जितका जड, तितका त्यात ध्वनी वेगवान. हा समज चुकीचा आहे. ध्वनी म्हणजे दाबाची लहर. एक कण शेजारच्याला ढकलतो आणि परत जागेवर येतो. पदार्थ जितका ताठ, म्हणजे दाबाला जितका प्रतिकार करणारा, तितका हा धक्का लवकर पुढे जातो. जडपणा उलट लहरीला मंदावतो. शिसे पोलादापेक्षा जड, परंतु मऊ. म्हणून शिशात ध्वनीचा वेग पोलादातील वेगाच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

८/
आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. अखंड, कठीण पाषाणात पाच ते सहा हजार मीटर. पोलादात सुमारे ५,९०० मीटर. म्हणजे बोईसर ते पालघर हे रेल्वेने बारा-तेरा किलोमीटरांचे अंतर हवेतील आवाज पाऊण मिनिटाहून थोड्या कमी वेळात कापेल, तर कातळातील आवाज दोन-अडीच सेकंदांत.

९/
पाण्यातील वेग मोजण्याचा प्रसिद्ध प्रयोग १८२६ साली जिनिव्हा सरोवरात झाला. जाँ-दानिएल कोलादों आणि शार्ल स्तुर्म या दोघांनी रात्रीची वेळ निवडली. एका नावेखाली पाण्यात घंटा टांगलेली. तिच्यावर आघात होताच त्याच यंत्रणेने वर नावेत दारू पेटे आणि लखलखाट होई. सुमारे साडेतेरा किलोमीटर दूर, दुसऱ्या नावेत, कोलादों पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याला कान लावून बसलेला. लखलखाट दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंत ९.४ सेकंद गेले. वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर.

१०/
या प्रयोगातील कर्णा महत्त्वाचा आहे. नावेत नुसते बसून राहिले असते तर दूरच्या घंटेचा आवाज जवळजवळ ऐकूच आला नसता. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनीचा फार मोठा भाग परत फिरतो. हजारातील एखादाच अंश वर निसटतो. म्हणून कोलादोंने पाण्यातील लहर धातूच्या पातळ पडद्यावर घेतली आणि नळीवाटे कानापर्यंत आणली. कातळ आणि हवा यांच्या सीमेवर तर ही गळती आणखी कमी. डहाणूच्या पाड्यांवर जो आवाज ऐकू आला, तो जमिनीखालच्या खऱ्या गर्जनेचा नगण्य अंश होता.

११/
पाण्यानंतर पाळी आली जमिनीची. १८४६ मध्ये रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने विचार मांडला की भूकंप म्हणजे खडकातून जाणारी स्थितिस्थापक लहर. कल्पना तपासण्यासाठी त्याने १८४९ मध्ये डब्लिनजवळच्या किलिनी येथील समुद्रकिनाऱ्यावर बंदुकीच्या दारूचे पिंप पुरून उडवले. दूरवर पाऱ्याचे भांडे ठेवलेले. पाऱ्यातील प्रतिबिंब थरथरले की लहर पोचली असे समजायचे. भूकंप मुद्दाम निर्माण करून मोजण्याचा हा आद्य प्रयत्न. भूकंपशास्त्राचे आजचे इंग्रजी नावही मॅलेटनेच घडवले.

१२/
मॅलेटचे आकडे मात्र त्यालाच बुचकळ्यात टाकणारे निघाले. ओल्या वाळूत सेकंदाला सुमारे २५० मीटर, ग्रॅनाइटमध्ये सुमारे ५०० मीटर. अपेक्षेपेक्षा फार कमी. पाऱ्याचे भांडे पहिल्या, क्षीण लहरीला दाद देत नव्हते. नंतरची मोठी, संथ लहर आली की मगच ते थरथरे. भेगाळलेला खडकही वेग कमी करतोच. धडा असा की श्रोता बहिरा असेल तर सर्वांत आधी आलेला निरोप हातचा निसटतो. नेमका हाच पहिला निरोप ओळखण्याचे श्रेय भारतात काम करणाऱ्या एका भूवैज्ञानिकाकडे जाते.

१३/
१२ जून १८९७ रोजी आसाम आणि शिलाँग पठार प्रचंड भूकंपाने उद्ध्वस्त झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम याने त्याचा तपशीलवार अहवाल तयार केला. हा भूकंप थेट युरोपातील यंत्रांवरही नोंदला गेला होता. त्या नोंदी तपासताना ओल्डहॅमला तीन वेगळ्या लहरी दिसल्या. सर्वांत आधी येणारी प्राथमिक लहर, मागून येणारी दुय्यम लहर आणि शेवटी पृष्ठभागावरून येणारी मोठी लहर. १९०६ मध्ये याच लहरींच्या आधारे त्याने पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले.

१४/
त्या भूकंपाचा आणखी एक परिणाम झाला. १८९८ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या अलीपूर येथे भूकंपमापक यंत्र बसले आणि त्यानंतर लवकरच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत व कोडाईकनालमध्येही. वारा, पाऊस आणि चुंबकत्व नोंदणारी कुलाब्याची वेधशाळा आता जमिनीची स्पंदनेही टिपू लागली. पश्चिम किनाऱ्याच्या कातळाला यांत्रिक कान मिळाला तो असा.

१५/
येथे कथेचा गाभा आहे. प्राथमिक लहर म्हणजे खडकातून जाणारा ध्वनीच होय. तीत कण लहरीच्याच दिशेने पुढे-मागे होतात, दाबले जातात आणि सैल होतात. हवेतील आवाजाची रीत हीच. दुय्यम लहरीत कण आडवे हलतात, दोरी झटकल्यावर ती हलते तसे. आडवी लहर द्रवातून जाऊ शकत नाही आणि खडकातही ती मंद असते. घरे हलवते, भिंती फोडते ती मुख्यत्वे ही दुसरी. म्हणजे आधी आवाज, मग हादरा हा क्रम भासमान नाही. तो लहरींच्या स्वभावातच आहे.

१६/
साधा हिशेब पाहावा. समजा, धक्क्याचे केंद्र घरापासून १० किलोमीटर दूर आहे. प्राथमिक लहर सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने सुमारे १.७ सेकंदांत पोचेल. दुय्यम लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटर वेगाने सुमारे २.९ सेकंदांत. मधले अंतर जेमतेम सव्वा सेकंद. पहिली लहर अंगणात पोचते, जमीन ढोलाच्या पडद्यासारखी किंचित कंप पावते, तो कंप हवेत उतरतो आणि कानी पडतो. ‘हे काय’ असे मनात येईपर्यंत दुसरी लहर पायाखाली येते. पाड्यांवरील माणसांनी सांगितलेला अनुभव तंतोतंत हाच होता.

१७/
मग प्रत्येक भूकंपात आवाज का ऐकू येत नाही? माणसाच्या कानाला सेकंदाला २० पेक्षा कमी कंपने ऐकू येत नाहीत. जलद कंपने खडकातून दूर जाताना लवकर शोषली जातात, संथ कंपने टिकतात. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप पाचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या मुंबईत जाणवला तो इमारतींच्या संथ झोक्यांनी; गर्जना तेथवर आली नाही. डहाणू-तलासरीचे धक्के लहान, उथळ आणि अगदी पायाखालचे होते, म्हणून त्यांतील जलद कंपने शाबूत राहून कानापर्यंत पोचली.

१८/
आता स्फोटाशी तुलना. कारखान्यातील स्फोट जमिनीवर, उघड्या हवेत होतो. १० किलोमीटर दूरच्या घरी जमिनीतील क्षीण कंप दोनएक सेकंदांत येतो, पण मोठा धमाका हवेतून अर्ध्या मिनिटाने पोचतो आणि तो पोचताच खिडक्यांची तावदाने वाजतात. भूकंपात आवाज जमिनीतूनच उगवतो, त्याला दिशा सांगता येत नाही, आणि हादरा क्षणार्धात त्याच्या पाठोपाठ येतो. यंत्रालाही हा फरक कळतो. स्फोट सर्व दिशांना सारखा बाहेर ढकलतो; भूकंपात खडकाच्या दोन बाजू एकमेकींवर घसरतात, म्हणून काही दिशांना पहिला धक्का ढकलण्याचा तर काहींना ओढण्याचा असतो.

१९/
महाराष्ट्राने जमिनीची गर्जना ऐकण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९६२ मध्ये कोयना धरणात पाणी साठू लागले आणि लवकरच आसपासच्या गावांतून धक्क्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. धक्क्यांबरोबर सुरुंग उडाल्यासारखे आवाज येत, असे त्या काळच्या शास्त्रीय नोंदींतही आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने तेथे भूकंपमापकांचे जाळे बसवले. धक्क्यांची केंद्रे जलाशयाच्या परिसरातच असल्याचे दिसले. तरीही दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, निर्धोक भूमी, हा समज दृढ होता.

२०/
११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. ६.३ परिमाणाच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. मृतांची संख्या पावणेदोनशे ते दोनशेच्या घरात गेली. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांच्या जागतिक अभ्यासात कोयनेचे नाव तेव्हापासून अग्रस्थानी आहे. १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारून कोयना परिसर वरच्या श्रेणीत टाकावा लागला. योगायोग असा की भूकंपाच्या वर्षी इकडे तारापूरला देशातील पहिले अणुविद्युत केंद्र उभे राहत होते.

२१/
किल्लारीची आठवण अधिक कटू आहे. १९९२ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसराने अनेक लहान धक्के सोसले, आवाजही ऐकले. गावकरी धास्तावले. पुढे धक्के मंदावले आणि धास्तीही ओसरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वजनदार माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली.

२२/
म्हणून २०१९ मध्ये डहाणूच्या तंबूंत विचारला जाणारा ‘ही किल्लारीची पूर्वसूचना आहे का’ हा प्रश्न भाबडा नव्हता. उत्तर मात्र इतिहास सरळ देत नाही. १९८३ मध्ये शहापूर तालुक्यातील भातसा जलाशयाजवळही धक्क्यांची मालिका झाली. तिचा शेवट किल्लारीसारखा झाला नाही. जगभरातील बहुतेक भूकंपथवे मोठा धक्का न देताच विरतात. काही विरत नाहीत. विरणारा थवा आणि न विरणारा थवा आरंभी सारखेच गरजतात, आणि त्यांना वेगळे ओळखणारे साधन आजही उपलब्ध नाही.

२३/
कातळ ऐकण्याची कला अशी अपुरी राहिली, तर पाणी ऐकण्याची कला आपत्ती आणि युद्ध यांतून वाढली. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले. दोनच वर्षांनी रेजिनाल्ड फेसेंडेन याने पाण्यात आवाज सोडून सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी पकडून दाखवला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा धोका वाढल्यावर पॉल लाँजव्हँ याने गारगोटीच्या स्फटिकांचा उपयोग करून कानाला न ऐकू येणारा, म्हणजे श्राव्यातीत, ध्वनी पाण्यात सोडला आणि परत टिपला. आजच्या सोनार यंत्रणेचा हा पाया.

२४/
पाणीही श्रोत्याला फसवते. ध्वनीचा वेग पाण्याच्या तापमानानुसार बदलतो आणि वेग बदलला की लहर वाकते. वर कोमट, खाली थंड असे थर असले की सोनारचा किरण खाली वळतो आणि समुद्राचा काही भाग ध्वनीच्या सावलीत राहतो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. पाणबुडी आणि तिचा शोध घेणारी नौका यांच्या लढाईत आधी कोण ऐकतो यावर सारे अवलंबून असते. त्या रात्री आधी ऐकले ते पाणबुडीने.

२५/
याच अरबी समुद्रात सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी येथील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले आहेत. त्यांच्या जाळ्यांत येणारा मोलाचा घोळ मासा ज्या कुळातील आहे, त्या कुळाची ख्यातीच मुळी आवाज करण्याची. पोटातील हवेच्या पिशवीवर स्नायूंचे जलद आघात करून हे मासे ढोलासारखा नाद काढतात. मलायातील पारंपरिक मच्छीमारांत तर पाण्यात डोके बुडवून माशांचा थवा कानाने हेरणारे जाणकार असत. आता नौकेवरचे यंत्र ध्वनी खाली सोडते. ५० मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पंधराव्या भागात परत येतो, आणि वाटेतल्या माशांचाही.

२६/
तिसरे माध्यम पोलाद. १९२८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ सर्गेई सोकोलोव्ह याने सुचवले की धातूतून श्राव्यातीत ध्वनी पाठवून आतील दोष शोधता येतील. १९४० मध्ये अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन याने प्रतिध्वनीवर चालणाऱ्या उपकरणाचे एकस्व मागितले. युक्ती सोनारचीच, केवळ समुद्राऐवजी धातू. १० सेंटिमीटर जाड पोलादी भिंतीच्या मागच्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी सेकंदाच्या ३४ दशलक्षांश भागात परत येतो. त्याआधीच एखादा क्षीण प्रतिध्वनी आला, तर आत भेग आहे.

२७/
तारापूरच्या इतिहासात या युक्तीला मोठे स्थान आहे. १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. या प्रकारच्या भट्ट्यांच्या पोलादी नळांत, जोडकामाजवळ, कणांच्या सीमांवरून सरकणाऱ्या सूक्ष्म भेगा पडतात, हे जगभर आढळून आले. भेग नळाच्या आतल्या बाजूने वाढते; बाहेरून डोळ्याला नळ निर्दोष दिसतो. अशा वेळी बाहेरून आत पाठवलेला ध्वनीच सांगतो की भेग आहे का आणि ती किती खोल गेली आहे.

२८/
तिसरी आणि चौथी अणुभट्टी जड पाण्याच्या प्रकारची, प्रत्येकी ५४० मेगावॉटची; त्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. अशा प्रत्येक भट्टीत ३९२ आडव्या दाबनलिका असतात. प्रत्येक नलिका बाहेरच्या दुसऱ्या नलिकेत बसवलेली, मध्ये अंतर राखणारी कडी. वर्षांगणिक आतली नलिका किंचित झोळते. ती बाहेरच्या थंड नलिकेला टेकली तर धातू ठिसूळ होण्याचा धोका. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘बार्सिस’ ही दूरनियंत्रित तपासणी यंत्रणा विकसित केली. श्राव्यातीत ध्वनी आणि विद्युत प्रवाहांच्या साहाय्याने ती जाडी, अंतर आणि दोष मोजते, जेथे माणूस जाऊच शकत नाही तेथे.

२९/
पोलादाला प्रश्न विचारता येतो. डहाणूच्या कातळाला तसा विचारता येत नाही, त्याचे बोलणे ऐकत राहावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने येथे यंत्रे बसवल्यावर धक्क्यांची केंद्रे अचूक ठरू लागली. ती एका मर्यादित पट्ट्यात एकवटलेली आणि उथळ असल्याचे दिसले. पावसाचे पाणी खोल भेगांत झिरपून तेथील दाब वाढवत असावे, हे त्यामागच्या कारणांविषयी मांडलेले एक मत आहे. कारणांची चर्चा चालू राहील. आवाजाबाबत मात्र संदेह उरत नाही.

३०/
पहिल्या लहरीवरून सावध होण्याची पद्धत जपानने २००७ पासून देशभर राबवली आहे. दूरच्या मोठ्या भूकंपात ती काही सेकंद मिळवून देते. तेवढ्यात गाड्या थांबवता येतात. डहाणूत हाती सव्वा सेकंद येतो आणि तेवढ्यात झोपलेले मूल उचलून दारापर्यंतही पोचता येत नाही. म्हणून येथील सुरक्षितता आवाज ऐकण्यावर विसंबून ठेवता येणार नाही. भिंतींना आडवे-उभे पट्टे, कोपऱ्यांची घट्ट बांधणी आणि हलके छप्पर, हाच किल्लारीने दिलेला धडा पाड्यांवरच्या घरांना लागू पडतो.

३१/
बियोचा नळ, कोलादोंचा कर्णा, मॅलेटचा पारा, ओल्डहॅमच्या नोंदी : या साऱ्यांनी मिळून जे सिद्ध केले ते धुंदलवाडीच्या माणसांनी कोणत्याही यंत्राशिवाय अनुभवले होते. जमीन आधी बोलते, मग हलते. त्यांच्या सांगण्याला ‘गूढ’ म्हणून बाजूला सारण्याचे कारण कधीच नव्हते. कोणत्या पाड्यावर, किती वाजता, आवाजानंतर किती वेळाने हादरा आला, हे लिहून ठेवणारा गावकरी हा त्या कातळाच्या इतिहासाचा साक्षीदार आहे. कोयनेच्या १९६२ नंतरच्या आवाजांची हकिगत आज अभ्यासता येते, कारण त्या काळी कोणीतरी त्या तक्रारी नोंदवून ठेवल्या.